बरणीवरची चिठ्ठी

बकुळने बरणीचं झाकण फिरवलं आणि मान वळवली. स्पिरिटच्या उग्र वासाखालून दुसरा एक वास वर आला, कुजक्या चरबीचा.

"आजच उघडायची होती ती बोतल?" ढुंढिराजकाका दारातूनच ओरडले. माशाचं नाव कानावर पडलं तरी चूळ भरणारा माणूस. "तुझा बाप गेला, दत्तू गेला, संपलं. सीधी गंगेत सोड म्हणणार होतो, पण गंगामैयालाही ओकारी येईल."

"काका, आज दहावा. घाटावरून न्हाऊन आले की सुतक फिटलं. मग शिवू द्याल मला या माशाला?"

"लवकर आटप. सगळे ब्रह्माघाटावर खोळंबलेत," असं म्हणून काका जिन्यात जाऊन उभे राहिले.

तिने मासा बाबांच्या दगडी पाटीवर ओतला. वीतभर लांब, काळा, खवलं नसलेला. भिजलेल्या कातड्याच्या पिशवीसारखा तो पाटीवर पसरला. जबडा आभाळाकडे उघडा. बोट लागलं तसे लांब दात आतल्या बाजूला वळले. कपाळातून काडी निघालेली, टोकाला गोंडा. डोळे मोहरीएवढे. बंगालच्या उपसागरातून, सातशे वाव खोलीवरून काढून कलकत्त्याच्या संग्रहालयाने तो ओळख पटवायला बाबांकडे धाडला होता.

बाबांची दृष्टी दोन वर्षांपूर्वीच गेली होती. ते बोटांनी चाचपून सांगायचे आणि ती उंबऱ्यावर बसून, नाकाला पदर लावून, लिहून घ्यायची. बरणीच्या गळ्यातली चिठ्ठी तिच्याच इंग्रजी अक्षरातली होती: मादी. पाठीवर दोन गाठी. पोटाला चिकटलेलं पिल्लू.

"सुई घालून बघ, बकू," बाबा म्हणाले होते. "माझ्या बोटांना नाही कळत. पिल्लू असेल तर कातडी सुटी होईल. नाही झाली, तर तो नर. त्या विलायती मासिकात वाचलंस ना, जन्मभर मादीला जडून राहणारा? मग मजा आहे!"

ती उंबऱ्यावरून हललीच नव्हती. "सुटी होते, बाबा," म्हणाली होती.

बाबांनी माशावरून हात काढून घेतला होता. "मग पिल्लूच," म्हणाले होते.

आजच्या डाकेने मासा परत जायचा होता. सोबत ती चिठ्ठी, खाली बाबांचं नाव.

तिने मासा उलटा केला. पोटावर करंगळीच्या पेराएवढा काळा गोळा लोंबत होता. तिने कडेला सुई लावली. शिरेना. दुसऱ्या बाजूने लावली. मोठ्या माशाची कातडी कुठे संपते आणि लहान्याची कुठे सुरू होते, ते सापडेना. लहान्याचं तोंड त्या पोटात पार विरघळलेलं, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. तिने जोर केला तशी सुई आत घुसली आणि पांढरा लगदा तिच्या नखाखाली आला.

ती मोरीकडे धावली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं. चूळ भरून परत आली आणि तिसऱ्या बाजूने सुई लावली.

"झालं की नाही?" काका जिन्यातून म्हणाले.

"होतंय."

बरणी बंद करून तिने जुनी चिठ्ठी फाडली. नवीवर लिहिलं: मादी. पोटाला जडलेला, पूर्ण वाढलेला नर. कातडी अखंड. त्याखाली बाबांचं नाव. मग तिने आणखी एक ओळ घातली: आधीच्या नोंदीतली चूक लिहून घेणारीची.

जिन्याच्या तोंडाशी काका दोन पायऱ्या मागे सरले. "हात राखेने घासून ये आधी! इथवर येतोय वास."

तिने राखेने घासले. मग मातीने, मग पुन्हा राखेने. बोटं नाकाशी नेली.

"जात नाही हा, काका," ती म्हणाली. "बाबा जेवायच्या आधी तीन-तीनदा हात धुवायचे."

आणि तरी दोन वर्षं ती त्यांच्या पानात भात वरूनच टाकायची, त्यांचा हात लागू नये म्हणून.