लवादाचं जेवण

थोरल्या लेकीला, शांतम्माला, मुलगी झाली त्याच साली लातूर जिल्हा झाला, आणि शिवप्पांची फाईल उस्मानाबादहून लातूरच्या कोर्टात आली. आज त्यांची बायको बसम्मा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती.

शिवप्पा दगडी कामाचे गुत्तेदार. औशाजवळच्या तलावाचा सांडवा त्यांनी बांधला आणि पहिल्याच पुरात तो वाहून गेला. पाटबंधारे खात्याने त्यांचं नाव काळ्या यादीत घातलं. चूक नकाशात होती, असं ते भेटेल त्याला सांगत. पुढे दुष्काळात, त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, लवाद म्हणून नेमलेले निवृत्त इंजिनीअर जागा पाहायला आले. त्यांनी निवाडा दिला : बांधकाम चोख, नकाशा चुकीचा. खात्याने तो कोर्टात अडवला. लवाद गुत्तेदाराच्या घरी जेवले, म्हणून निवाडा पक्षपाती, एवढंच खात्याचं म्हणणं.

लवादसाहेबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, असं शिवप्पांच्या वकिलाने लिहून दिलं होतं. बसम्माला तेवढंच सांगायचं होतं. बसमध्ये शिवप्पांनी तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं होतं.

खात्याचे वकील वयस्कर, मऊ बोलणारे. त्यांनी आधी लेकीबाळींची चौकशी केली, मग दुष्काळाची. रेशनवरची परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, खाऊन दिवस काढले, असं बसम्मा म्हणाली. ते मान हलवत राहिले.

"मग खरंच आहे, मावशी. घरात दाणा नाही, तुम्ही तरी काय करणार? साहेब तुमच्या दारातून उपाशीच गेले."

बसम्माचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला.

"आमच्या दारातून कुणी उपाशी गेलं न्हाई. मिलो आमच्यापुरता व्हता. साहेबाला मी शेजारनं जवारी आणून दोन भाकरी घातल्या. खात्याचे इंजिनेर बी पंगतीला व्हते. त्यांनी तीन खाल्ल्या."

"त्यांचं विचारलं नाही," वकील म्हणाले आणि खाली बसले.

शिवप्पांचे वकील उठलेच नाहीत. त्यांचंच लिहिणं खोटं पडलं होतं.

निवाडा रद्द झाला. न्यायाधीशांनी लिहिलं की, दोन्ही बाजू एका पंगतीला बसल्या असल्या तरी त्यात वावगं काही नव्हतं. पण गुत्तेदाराने जेवण लपवलं, त्यामुळे संशयाला जागा राहते.

दुसरे लवाद नेमायला चार वर्षं गेली. त्यांनीही नकाशाच चुकीचा ठरवला. तो कागद बसम्माने अंगठा देऊन घेतला. शिवप्पा त्याआधी, १९८६च्या फेब्रुवारीत, काळ्या यादीत असतानाच वारले होते.