हसायचे सिनेमे

डॉक्टर सगळं बोलले ते मोहनरावांकडे बघून. मोहनरावांना जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी डॉक्टर त्यांच्याच डोळ्यांत बघत, थांबत थांबत बोलत राहिले आणि शेवटी उठून त्यांच्यासमोर कमरेत वाकले.

"काय म्हणाले?" मोहनरावांनी मुलाला विचारलं.

"काही नाही, बाबा," प्रसन्न म्हणाला. "तुमचं सगळं नॉर्मल आहे. वयाच्या मानाने तब्येत उत्तम."

तब्येत उत्तम असलेल्या माणसापुढे कुणी एवढं वाकत नाही. मोहनरावांची उभी हयात फोर्टमधल्या बँकेत गेली होती. समोरचा काय लपवतोय हे ओळखण्याचाच त्यांना पगार मिळायचा. बाहेर आल्यावर प्रसन्न तोंड धुवायला म्हणून गेला तो लवकर आलाच नाही, आणि आला तेव्हा डोळे लाल. मोहनराव काय समजायचं ते समजले.

प्रसन्ननेच त्यांना हट्टाने पार्ल्याहून जपानला, निशी-कसाईतल्या आपल्या घरी बोलावून घेतलं होतं. आल्या आल्या त्यांचं रक्त, एक्स-रे, सगळं करून घेतलं. "एकटे काय करता तिथे?" म्हणाला. एकटा तर तोही होता. आई गेलेली, लग्न दोन वर्षांत मोडलेलं, सख्खं भावंड नाही.

उरलीसुरली शंका चारुताने फेडली. ती खालच्या मजल्यावर राहायची. नवरा जपानी, इथे येऊन वीस वर्षं झालेली. इंडियन दुकानात भाजी घेता घेता मोहनरावांनी सहज इथल्या डॉक्टरांचा विषय काढला.

"चांगले असतात, काका. पण जुन्या वळणाचा डॉक्टर असला ना, की तो पेशंटला थेट सांगत नाही. घरच्यांना बोलावतो. माझे सासरे गेले. काय झालं होतं ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही."

"असं होय," म्हणून मोहनरावांनी कोथिंबिरीची जुडी उचलली.

मरणाचं त्यांना फारसं वाटलं नाही. सत्तरी उलटली होती, बायको पुढे गेली होती. जीव तुटत होता तो पोरासाठी. प्रसन्नने ऑफिसला जाणं बंद केलं. "रजा साठलीये," म्हणाला. ताटावर बसला की दोन घास खाऊन उठायचा. पँट कमरेत राहीना म्हणून पट्ट्याला नवं भोक पाडलं. आपल्या आधी हाच काळजीने मरायचा, अशी मोहनरावांनी धास्ती घेतली. मग त्यांनी ठरवलं, आपल्याला कळलंय हे याला कळू द्यायचं नाही. हसत राहायचं.

हसायची सोयही प्रसन्ननेच केली. स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात हॉलिवूडच्या जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी पाचशे येनला मिळायच्या. रोज संध्याकाळी एक लागायची. खाली जपानी अक्षरं, वर जिन्यावरून बूट वाजवत उतरणारी नाचरी जोडपी आणि ऐन मेजवानीत केकवर आपटणारे जाडे सावकार. यातले बरेच सिनेमे मोहनरावांनी तरुणपणी बँकेला दांडी मारून पाहिले होते. त्यामुळे त्यांना दम धरवायचा नाही.

"बघ, आता हा शिडीवरून पडणार."

पडायचा. मोहनराव खदखदून हसायचे. त्यांच्या मागोमाग प्रसन्नही पोट धरून हसायचा. दोघांचं हसणं खोटं होतं आणि दोघंही ते मन लावून करत होते.

एकदा मोहनरावांनी दुकानात एक भुताचा सिनेमा उचलला. वेष्टनावर पांढऱ्या चेहऱ्याचा उमराव शवपेटीतून उठत होता. प्रसन्नने तो हातातून काढून परत ठेवला.

"हा नको, बाबा."

"अरे, पुठ्ठ्याची वटवाघळं असतात. आम्ही थिएटरात हसायचो."

"नको म्हटलं ना."

मोहनराव पुढच्या फळीकडे वळले. मरणाची सावलीसुद्धा बापावर पडू नये म्हणून पोरगं किती जपतंय. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, आणि त्या भाग्याचाच त्यांना आता भार होत होता.

थंडी पडली. एक दिवस स्टेशनचा जिना चढताना प्रसन्न मधेच पायरीवर बसला. चेहरा पांढराफटक. "रात्री झोप नाही झाली," म्हणाला. मोहनराव त्याच्याशेजारी बसले. आता पुरे झालं, हे नाटक याचा जीव घेईल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

संध्याकाळी सिनेमा रंगात आला असताना ते म्हणाले, "जरा थांबव रे."

प्रसन्नने बटण दाबलं. जिन्यावरची जोडी एक पाय उचलून तशीच थांबली.

"मला सगळं माहीत आहे," मोहनराव म्हणाले. "डॉक्टर वाकले तेव्हाच कळलं. माझं जगून झालंय, बाळा, तक्रार नाही. मला पार्ल्याला पोचव आणि तू कामाला लाग. माझ्यापायी असा खंगत गेलास तर मला सुखाने मरताही येणार नाही."

प्रसन्नने बापाचा हात हातात घेतला.

"डॉक्टर पेशंटला एकट्याला काही सांगायला तयार नव्हते, बाबा. घरातलं मोठं माणूस घेऊन या म्हणाले, आणि मला तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?"