नलिनी मॅडमचे व्हिडिओ

"आई, तो कापसाचा व्हिडिओ आधी काढून टाक," मयूर म्हणाला.

नलिनी मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "कायले?"

"सकाळीच सांगितलं ना. व्हिसाची मुलाखत आहे माझी. एजंट म्हणे, ते लोक अकाउंट उघडून पाहतात. माझ्या अकाउंटवर सारे तुझेच व्हिडिओ आहेत."

नलिनी पांढुर्ण्याच्या शाळेत सामाजिक विज्ञान शिकवायची. सुट्टीच्या दिवशी ओट्याशी उभी राहून मोबाइलसमोर बोलायची. अमेरिकेचं राजकारण, मोठ्या कंपन्या, शिक्षणाचा खर्च, ज्याचा संताप येईल ते. चॅनल मयूरनंच काढून दिलं होतं. 'ऐका, माझी आई' असं लिहून प्रत्येक व्हिडिओ तो आपल्या अकाउंटवरून सगळ्यांना पाठवायचा. आता त्याला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

"मी शिवी दिली का कोणाले?"

"शिवी नाही दिली. पण..." त्यानं तिचा मोबाइल उचलला. बोट लागलं आणि नलिनीचा आवाज घरभर झाला.

"अमेरिका आपल्या कपड्यावर कर लावते, अन् तिचा कापूस इकडं बिनकराचा आला पाहिजे म्हणते. याले दोस्ती म्हणाव का? मंग लुटणं कशाले म्हणते?"

मयूरनं घाईघाईनं तो बंद केला, तर दुसरा सुरू झाला.

"कंपनीनं हजारो पोरं एका ईमेलनं घरी बसवले. म्हणे, आता मशीन काम करते. अरे, ते मशीन कोणी बनवलं? त्याच पोराइनं ना?"

बाजूला पेपर वाचत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, रवींद्रनं, पेपर मांडीवर ठेवला. तहसीलमध्ये इतकी वर्षं नोकरी करून त्याला वरच्यांशी न भांडायची सवय झाली होती. "नलिनी, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुझ्या बोलण्यानं अमेरिका थोडीच बदलून राहिली?"

"नाही ना बदलून राहिली? मग ते मले भिऊन काहून राहिले?"

"ते नाही भिऊन राहिले!" मयूर एकदम ओरडला. "मी भिऊन राहिलो! रात्रंदिवस अभ्यास केला मी. आता एखाद्या साहेबानं तुझं बोलणं ऐकून मले दारातूनच परत पाठवलं तर? तुझ्या मताची शिक्षा मले काहून?"

त्याचा आवाज चिरकला. हातातल्या मोबाइलवर तिसरा व्हिडिओ आपोआप सुरू झाला होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"फी भराले मायबाप घर गहाण ठेवते. मग ते पोरगं जन्मभर खालमानेनं नोकरी करते. ज्याच्या डोक्यावर कर्ज, तो तोंड उघडत नाही. शिक्षण उगाच महाग नाही ठेवलं बाप्पा यांनी."

मयूरच्या फीसाठी याच घराचे कागद नुकतेच बँकेत गेले होते.

मयूरचं बोट स्क्रीनकडे वळलं. नलिनी ताडकन उठली, मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली. तिनं मोबाइल त्याच्या हातातून हिसकावला.

"हात नको लावू. बोलली मी. पुसीन बी मीच."

उभ्याउभ्या ती एकेक व्हिडिओ काढत गेली. नक्की काढायचा का, असं मोबाइल दर वेळी विचारायचा, आणि ती ढेकूण चिरडावा तसा अंगठा दाबायची. रवींद्र दोनदा 'बस झालं आता' म्हणाला. ती थांबली नाही. पोळ्यांवर, सुनांवर, शाळेच्या स्नेहसंमेलनावर बोललेलंही तिनं काढून टाकलं.

"ते कायले काढले?" मयूर पुटपुटला. "त्यात काहीच नव्हतं."

"आता कशात काय आहे, हे मी कोणाकोणाले विचारत बसू?"

थोड्या वेळानं तो जवळ आला. "आई, तिकडं बस्तान बसलं ना माझं, की मग बोल तू. तेव्हा कोणी नाही अडवणार."

"तेव्हा तर तू त्याइच्याच घरात राहशीन," नलिनी म्हणाली. "मग तर मले जास्तच चूप बसा लागन."

इतक्यात फोन वाजला. तिगावची वच्छला होती. तिची मुलगी नलिनीच्या वर्गात शिकत होती. नलिनीनं स्पीकर लावला.

"मॅडम, तुमचा एकबी व्हिडिओ दिसून नाही राहिला वो. आमच्या अंगणात बाया जमल्या पाहाले. मले म्हणतात, तुलेच मोबाइल चालवता येत नाही. काय झालं?"

नलिनीनं फोन मयूरच्या तोंडासमोर धरला.

"सांग तिले."

मयूर खाली वाकून सांडलेली मेथी गोळा करू लागला. रवींद्रनं पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"हॅलो? हॅलो? आवाज येऊन नाही राहिला," वच्छला मोठ्यानं म्हणाली. मागे बायांची कुजबुज ऐकू येत होती. "मॅडम... बोला ना."