दोरीला हात

यशोदा तारीचा आवाज अर्ध्या वाक्यात बंद झाला.

टीव्हीवर तिचे ओठ हलत होते. हातातला कागदही हलत होता. पण वेळ संपली होती, लोकसभेतला तिचा माईक थांबला होता आणि पुढच्या खासदाराचं नाव पुकारलं गेलं होतं. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली वाडी टीव्हीकडे पुढे झुकली.

“झाला!” लवू उठून उभा राहिला. “आमचा गाऱ्हाणा आणि तेंचा घड्याळ. घड्याळ जिंकला.”

“बस रे,” त्याची आई काशीबाई म्हणाली.

वाडीतली शेवटची रापण तिच्या घरची होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरची माणसं मिळून ओढतात. पण अलीकडे मोठ्या बोटी बंदी असूनही भगभगीत दिवे लावून किनाऱ्याजवळ येत. मासा उजेडाकडे जाई. सकाळी रापणीत यायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि रागावलेले खेकडे.

यशोदा याच वाडीची. खासदार झाली तेव्हा तिने शब्द दिला होता, किनाऱ्याला कायमची गस्तीची बोट दिल्लीत मागेन. आणि रापण विकायला निघालेल्या लवूला काशीबाईने शब्द दिला होता, यशोदा बोलेपर्यंत थांब, मग काय ते कर. लवूने जास्त वाट पाहिली नव्हती. वालावलचा एक टेम्पोवाला बोलावून ठेवला होता. त्याला माकडांपासून भाजी राखायला जाळं हवं होतं. टेम्पो बाहेर उभा होता आणि तो स्वतः आत येऊन, पोरांच्यात मांडी घालून टीव्ही बघत होता.

“चला,” लवू म्हणाला. “आजोबांचा जाळा आता वालावलच्या वांग्यांवर.”

“वांगी नाय, दोडकी,” टेम्पोवाला नम्रपणे म्हणाला.

कोणीतरी हसलं. काशीबाई हसली नाही. ती अजून टीव्हीकडेच बघत होती. तिथे वेगळंच काही चाललं होतं. सभागृहात इथून तिथून हात वर होत होते आणि अध्यक्षांच्या आसनावरून नावं वाचली जात होती.

“गुरुजी, ते हात कित्याक वर करतत?” संचिताने विचारलं. ती पाचवीत होती.

सहदेव गुरुजी निवृत्त झाले होते, तरी उत्तर लगेच द्यायचं नाही ही त्यांची सवय गेली नव्हती. “तुला काय वाटतं?”

“तेंका पण बोलूचा आसा?”

“नाही. त्यांचं म्हणणं असं, की यशोदाने जे मांडलं ते आमचंही आहे. म्हणून त्यांची नावं आता तिच्या नावाला जोडली जाणार. रापण ओढताना वाटेने जाणारा माणूस काय करतो?”

“दोरीक हात लावता.”

“आणि हात लावला की?”

“वाटो!” सगळी पोरं एकदम ओरडली. रापणीच्या दोरीला ज्याचा हात लागला, त्याचा माशांत वाटा. हे त्या किनाऱ्यावर पोरांना चालायच्या आधी कळतं.

नावं येतच होती. केरळचे कोणी, ओडिशाचे कोणी, तामिळनाडूच्या एक बाई. मग राजस्थानचे एक गृहस्थ, पांढऱ्याशुभ्र मिशांचे.

“ह्येका समुद्र खंय गावलो?” लवू म्हणाला.

“दोरीक हात लावणाऱ्याक कोण गाव इचारता काय रे?” काशीबाई म्हणाली.

“अगो आये, हात वर करून बोट येता काय?”

काशीबाईने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खोटं बोलणारे नव्हते. “बोट येईलच असं मी नाही सांगणार, काशीबाई.”

ती उठली, पदर खोचला आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, “ये रे, चल माझ्याबरोबर.” दोघं जाळ्याच्या खोपीकडे गेली. लवू मागोमाग गेला. इतका वेळ घाई त्याचीच होती, पण आता त्याचे पाय वाळूत जड पडत होते.

संध्याकाळी दिल्लीहून काशीबाईला यशोदाचा फोन आला. दिवसभर तिने तो लावायचं टाळलं होतं. जाळं न्यायला वाडीत टेम्पो आल्याचं तिला कोणाकडून तरी कळलं होतं.

“काकी, माका माफ कर. माका पुरा बोलूक गावला नाय.”

पलीकडे नुसता कल्लोळ होता. “ओढा रे, ओढा!” कोणीतरी ओरडत होतं. “सांभाळून! फाटात!” यशोदाने डोळे मिटले. लहानपणी ज्या जाळ्याभोवती ती खेळली, ते टेम्पोत चढत होतं.

“जाळा भरतत, काकी?”

“कसला भरतत? रापण लावलीहा! माका आयकूक येणा नाय, मोठ्यान बोल!”

“आणि तो टेम्पोवालो?”

“तो फुड्यात आसा, दोर ओढता. बरो ओढता हां!”

यशोदाला काही सुधरेना. “पण लवू तर ती विकूक निघालो होतो ना?”

“विकतलो कसो?” काशीबाई ओरडून म्हणाली. “तुझ्या थंय दिल्लीत इतक्या माणसांनी दोरीक हात लावल्यानी गो. आता ती आमच्या एकट्याची खंय रवली?”