बारशाची डीव्हीडी

"वहिनी, डीव्हीडी राइट होताना कॉम्प्युटरवर दुसरं काही चालू ठेवू नका," दुकानदाराने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

लेकीच्या बारशाच्या तीन डीव्हीडी अर्ध्यात अडकून फुकट गेल्या. एकच उरली. सासरे चारच्या एसटीने आंजर्ल्याला निघणार होते. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या आईंनी पणती अजून पाहिलीच नव्हती.

"अगं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात हा पाळणा कसला?" सासऱ्यांनी विचारलं.

"कॅमेरा लावलाय, बाबा. ऋजुता नीट श्वास घेतेय ना, ते बघते."

"बंद कर आधी! पाळण्यापाशी मी बसतो."

"चष्मा लावून बसा हं."

चौथी डीव्हीडी व्यवस्थित झाली. ती घेऊन बाबा गेले, पण तिकडे फोन लागत नाही. तुम्ही आंजर्ल्याचे असाल, तर जरा आजींकडे डोकावून या ना. पाहिली का हो त्यांनी पणती?