पाणथळीवरची पसंती

"बगळ्याकडे बघ मावशी, डॉक्टरकडे नको," भाची कानाशी कुजबुजली.

मावशीने मुकाट्याने दुर्बीण वळवली. डोळे मात्र फिरून फिरून भाचीच्या ओळखीच्या त्या दातांच्या डॉक्टरकडेच जात होते. आईविना वाढवलेल्या या पोरीने आजवर आलेलं प्रत्येक स्थळ धुडकावलं होतं. आणि परवा आपणहून म्हणाली, डॉक्टरांच्या घरची माणसं फार चांगली आहेत, रविवारी पक्षी बघायला जातात, आपणही जाऊ. बघण्याचा कार्यक्रम वाटायला नको. हेही फिसकटलं तर ही पुन्हा विषय काढू द्यायची नाही, हे मावशी ओळखून होती. म्हणून सकाळी देवापुढे हात जोडतानाच तिने नेम केला होता, आज कुणी विचारल्याखेरीज तोंडाला कुलूप.

उन्हाळा सरत आला होता. पाणी ओसरून काठाचा चिखल उघडा पडला होता आणि त्यात टिटव्या लगबगीने फिरत होत्या. फळ्यांच्या वाटेवरून घोळका दबक्या पावलांनी चालला होता. सगळ्यांत पुढे डॉक्टरचे वडील. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेली; बोलणं बेताचं, नजर बारीक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे सासूचा जाच नाही, मावशीने मनाशी खूणगाठ बांधली.

डॉक्टर तिच्या जोडीने चालू लागला. पहाटे उठता का, भाची सासरी गेल्यावर एकट्याच राहणार का, घरात दिवसभर रेडिओ चालू असला तर त्रास होतो का, असं गोड बोलून एकेक विचारत राहिला. लग्नानंतर मावशीची लुडबूड किती होईल ते चाचपतोय, मावशीने ताडलं. पोरगा हुशार आहे.

"मी कुणाच्या संसारात नाक खुपसत नाही हो," ती म्हणाली.

"खुपसलंत तरी आमची ना नाही," डॉक्टर हसला.

इतक्यात वडिलांनी तिला खुणेने बोलावलं. तिपाईवरची मोठी दुर्बीण तिच्या उंचीला जुळवून दिली आणि बाजूला झाले. वाळक्या फांदीवर निळाशार खंड्या. सुळकन पाण्यात गेला आणि चोचीत मासा घेऊन वर आला.

"अगं बाई, पकडला की मेल्याने!"

खंड्या उडाला. बगळे उडाले. टिटव्यांनी तर रान डोक्यावर घेतलं. सगळे मागे वळून बघू लागले आणि मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. नेमही मोडला आणि स्थळही.

वडील मात्र खांदे हलेपर्यंत हसले. मग झाडाखाली आपलं घडीचं स्टूल त्यांनी तिच्यासाठी उघडलं, थर्मासमधला पहिला चहा तिला दिला, आणि स्वतः गवतावर बसून खंड्या घरटं कसं कोरतो ते सांगत राहिले. चहा निवला तरी दोघांचं बोलणं सरेना.

परतताना फाटकापाशी मावशीने भाचीचा दंड धरला.

"मला पसंत आहे. मुलगा हसतमुख आहे आणि सासरा तर लाखात एक. पण माझ्या त्या ओरडण्याने बिनसलं नाही ना गं?"

"उलट होकार आलाय."

मावशीचे डोळे भरून आले. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले. "मग डॉक्टरला घरी कधी बोलवायचं?"

भाची थांबली. ओठ दाबून हसू आवरत म्हणाली, "डॉक्टरचं लग्न केव्हाच झालंय, मावशी. होकार त्याच्या बाबांचा आहे."