कुरगोंचा जन्म

चौथ्यांदा परत आलेला मसुदा रस्मातानं चुरगाळून टोपलीकडे भिरकावला. तो टोपलीतसुद्धा धड पडला नाही.

पटावर खेळायच्या एका कल्पित दुनियेचं पुस्तक होतं ते. त्यात सहा जमाती. पाचांचे जन्म तिनं हसत-खेळत जुळवले होते. एक वारुळातून वर आली, एक विजेबरोबर खाली पडली, एक बाओबाबच्या ढोलीत वाढली. घोडं अडलं होतं ते सहावीपाशी. हे कुरगो. सगळ्यांवर चाल करून येणारे, गावंच्या गावं जाळणारे. तिनं त्यांना आधी राखेतून काढलं, मग शापातून, मग सापाच्या अंड्यातून आणि परवा तर चक्क देवाच्या ढेकरेतून. प्रकाशिका मादाम सानूंनी चारही वेळा लाल शाईत एकच प्रश्न लिहून पाठवला होता. हे असे का झाले?

"चार वाजेपर्यंत दे," मादाम सकाळी म्हणाल्या होत्या. "नाही जमलं तर पुस्तक आबिजानच्या लेखकाकडे जाईल. मग त्यावर तुझं नाव राहणार नाही."

दोन वर्षं खपून केलेलं पुस्तक! आता तीन वाजले होते. वीज गेलेली, पंखा बंद, वागादुगू शहराचा भाजणारा एप्रिल खिडकीतून आत घुसलेला. रागानं तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता.

तेवढ्यात चित्रकार एलोई पारे आत आला.

"काय गं, माझ्या गुलामाच्या पोरी! धन्याला बघून उठायची पद्धत गेली वाटतं तुमच्यात?"

रस्माता मोसी, एलोई सामो. या दोन जमातींनी भेटल्याबरोबर एकमेकांचा उद्धार करायचा आणि कोणी रागवायचं नाही, असा पणजोबांच्याही आधीचा करार. रोज ती त्याला "कुत्र्याचं मुंडकं चाटून आलास का?" म्हणून विचारी आणि अख्खं ऑफिस खिदळे. तिच्या वडिलांच्या दफनालासुद्धा, "म्हातारा सोंग करतोय, उठवा त्याला!" असं ओरडून याच एलोईनं रडणाऱ्या बायकांना हसवलं होतं.

गेले तीन दिवस मात्र हे बंद होतं. आजही तिनं नुसती मान वर केली.

"या एलोईभाऊ, बसा. काही हवं होतं का तुम्हाला?"

एलोई दारातच थबकला. मग त्यानं पुन्हा प्रयत्न करून पाहिला. "अगं, तुझा आजा आम्ही दोन टोपल्या ज्वारीला घेतला होता. तरी फसलोच!"

"असेल. मी जरा कामात आहे, माफ करा."

"माफ करा?"

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. "रस्माता, माझं काय चुकलं?"

"काही नाही हो."

"मग हे अहो-जाहो काय लावलंयस? तीन दिवस बघतोय. शिवी नाही, टोमणा नाही. माझ्या घरच्यांनी काही केलं का? तुमच्या लोकांनी आमच्याशी तोडलं असेल तर तोंडावर सांग. मग मलाही तसंच वागता येईल."

एकत्र कामाच्या नऊ वर्षांत त्याचा हा आवाज तिनं ऐकला नव्हता. त्याची मूठ वळली होती आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. इतका चांगला माणूस, आणि क्षणभर तिला त्याची भीती वाटली. ती मुठीकडे बघतच राहिली.

मग ती ताडकन उठली. "गप ए कुत्रेखाऊ! तीन दिवस डोकं फिरलंय माझं कामानं, आणि हा आलाय शिव्या मागायला! एक कोरा कागद दे इकडे, आणि तोंड बंद ठेव, वास येतोय!"

एलोईनं छातीवर हात ठेवून केवढा मोठा श्वास सोडला. "जिवंत आहे म्हणायची आमची गुलाम," तो म्हणाला आणि त्यानं तिच्यापुढे कागद सरकवला.

लिहायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. चाराच्या आत तो कागद मादाम सानूंच्या टेबलावर होता. मादामनी लाल पेन उघडलं, वाचलं आणि काही न लिहिता टोपण लावलं.

कागदावर एवढंच होतं: 'कुरगो बाकीच्या पाचांसारखेच मातीतून आले, त्यांच्यासारखेच रांगले, नाचले. मग कधीतरी बाकीच्यांनी त्यांची थट्टा करणं थांबवलं.'